मुलाला मारहाण झाली, दवाखान्याचा खर्च कोणाकडून मागायचा?

मुलाच्या मारहाणीनंतर आईबाप आधी दवाखान्यात धावतात आणि मग ठाण्यात. खर्चाचा विचार फार उशिरा होतो, आणि तोवर कागद हरवलेले असतात. या वेळी त्याच विषयावरची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. माझ्या १३ वर्षांच्या मुलाला मैदानावरच्या वादातून एका मोठ्या माणसाने बॅटने मारले. हात मोडला, धंतोलीच्या खासगी दवाखान्यात प्लेट टाकावी लागली. गुन्हा दाखल आहे. ठाणेदार म्हणतात, केसचा निकाल लागू द्या, मग पैशाचे बघा. थांबू का?

थांबू नका. फौजदारी खटला आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून सरकार चालवते. दोषी ठरल्यावर न्यायालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३९५ खाली त्याला भरपाई द्यायला लावू शकते, पण तुमचा खर्च किती झाला हे कोणीतरी न्यायालयापुढे मांडावे लागते. बिलांचा एक संच आजच सरकारी वकिलांकडे पोहोचवा. दिवाणी दावा मात्र वेगळा आहे आणि तो खटल्यासोबतच चालू शकतो. खटल्यात काही रक्कम मिळाली तर दिवाणी न्यायालय ती हिशेबात धरते, एवढेच.

दावा लावताना एक गोष्ट नीट समजून घ्या. इथे हक्क दोन आहेत. वेदना, हाताला राहिलेली कमजोरी, बुडालेली शाळा आणि पुढचे उपचार यांची भरपाई हा मुलाचा हक्क. तो अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असल्याने त्याच्यातर्फे तुम्ही 'अज्ञान पालनकर्ता' म्हणून उभे राहता. तुमच्या खिशातून गेलेले पैसे हा तुमचा स्वतःचा हक्क. म्हणून वादी म्हणून दोघांचीही नावे घाला. कारण मुदत. अशा दाव्याला साधारण ३ वर्षे मिळतात. मुलाची मुदत तो सज्ञान होईपर्यंत सुरूच होत नाही, तुमची मात्र पहिल्या दिवसापासून धावते. 'मुलगा लहान आहे, वेळ आहे' या समजात कित्येक बापांचा खर्चाचा दावा मुदतबाह्य होतो.

दुसरे म्हणजे, सगळे एकाच दाव्यात मागा. प्लेट काढायला पुन्हा ऑपरेशन लागणार असेल, तर सर्जनकडून अंदाजे खर्चाचे पत्र आत्ताच घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २, नियम २ प्रमाणे आज सोडून दिलेली मागणी उद्या नव्या दाव्यात करता येत नाही.

आता कागद. मेडिकल स्टोअरची पिवळट थर्मल बिले काही महिन्यांत पुसट होऊ शकतात, त्यांच्या झेरॉक्स आजच काढा, मूळ बिल मागे टाचून ठेवा. बिलावर मुलाचे नाव नसेल तर दुकानदाराकडून लिहून घ्या. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट्स आणि त्यावर चिकटवलेले प्लेटचे स्टिकर, एक्स-रे, एमएलसीची (पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्याने केलेली) नोंद, यूपीआयचे उतारे, फिजिओथेरपीला जाण्याचे ऑटोचे पैसे तारखेनिशी वहीत. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. दावा सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात लागेल. आरोपी दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला तरी घटना जिथे घडली तिथे दावा लावता येतो. तो प्लॉट विकायच्या तयारीत आहे असे कळले तर निकालापूर्वी जप्तीचा अर्ज करायला वकिलांना सांगा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मुलांना मोफत वकील मिळतो, आईबापाचे उत्पन्न कितीही असो.

प्रश्न : मारणारा मुलगा १६ वर्षांचा आहे. त्याचे वडील म्हणतात, 'तो लहान आहे, आमच्याकडून एक रुपया मिळणार नाही.'

अल्पवयीनावरही दिवाणी दावा होतो. न्यायालय त्याच्यासाठी पालक नेमते. पण केवळ बाप आहे म्हणून बापाला पैसे भरावे लागत नाहीत. त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागेल, म्हणजे आधीच्या तक्रारी, त्याला दिलेली समज, घरात उघडी ठेवलेली हत्यारे. बाल न्याय मंडळही बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली पालकांना दंड भरायला लावू शकते. त्या मुलाचे नाव किंवा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका, तो गुन्हा आहे.

प्रश्न : शिक्षकाने कानशिलात मारली, मुलीच्या कानाचा पडदा फाटला. शाळा २० हजार देते आणि स्टॅम्प पेपरवर 'यापुढे काही मागणार नाही' असे लिहून मागते.

सही करू नका. कानाचे नुकसान किती राहील हे अजून कोणालाच ठाऊक नाही. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या) कान-नाक-घसा विभागात तपासणी करून श्रवणचाचणीचा अहवाल घ्या, मग रकमेचे बोला. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे आणि वर्गात शिकवताना केलेल्या कृत्यासाठी मालक म्हणून संस्थाचालकांवरही दावा होतो, फक्त शिक्षकावर नव्हे. दावा लावल्यावर तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल तर ती तडजोड मुलीच्या म्हणण्यावरून रद्द होऊ शकते. ही अट मुलीच्या संरक्षणासाठी आहे, तिला अडथळा समजू नका.

प्रश्न : माझ्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला. खासगी दवाखान्याने आधी डिपॉझिट मागितले. समुपदेशनाचा खर्चही चालू आहे.

ताई, तुमची वस्ती मी मुद्दाम छापलेली नाही. डिपॉझिट मागणे बेकायदा होते. बलात्कार, ॲसिड हल्ला आणि पॉक्सोखालील (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालील) गंभीर गुन्ह्यांत सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाला तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात. नकार देणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली शिक्षेस पात्र आहे. घेतलेले पैसे परत मागा, लेखी मागा.

बाकी खर्चासाठी निकालाची वाट पाहायची गरज नाही. पॉक्सो नियम, २०२० च्या नियम ९ खाली एफआयआरनंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते. रक्कम ठरवताना शारीरिक आणि मानसिक उपचारांचा खर्च, बुडालेले शिक्षण हे सगळे धरले जाते. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी भरपाई मिळू शकते, कारण ती सरकार देते. राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्जही विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. समुपदेशकाकडून प्रत्येक भेटीची पावती घेत राहा.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. १५व्या वर्षी मला मारहाण झाली, डोळ्याला कायमची इजा आहे. बाबांनी दावा केला नाही. आरोपी निर्दोष सुटला. आता काही होईल?

होईल. तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा तुम्हाला २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत करता येतो. बाबांनी केलेल्या खर्चाची मुदत मात्र गेली. निर्दोष सुटल्याने दिवाणी दावा आपोआप संपत नाही. फौजदारीत संशयापलीकडे पुरावा लागतो, दिवाणीत कोणाची बाजू जास्त संभवनीय हे पाहतात. दोषारोपपत्र, वैद्यकीय अधिकाऱ्याची साक्ष आणि निकालपत्र यांच्या प्रमाणित नकलांसाठी याच आठवड्यात अर्ज टाका, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आजच्या दृष्टीचा दाखला घ्या.