कचरावेचक महिला आणि महापालिका : भागीदारी की स्वस्तातला ठेका?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेने घरोघरचा कचरा उचलण्याच्या कामात महिलांच्या गटाला 'सहभागी' करून घेण्याचे ठरविले आहे. हा केवळ स्वस्तातला ठेका ठरेल, अशी शंका येते. अशा सहभागातून सेवा खरोखर सुधारल्याचे उदाहरण आहे का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण 'सहभाग' या शब्दाखाली पुष्कळदा फक्त मजुरी वाचवली जाते. तरीही पुण्याचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ मध्ये दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. सेवाशुल्क घरे देतात, आणि सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या भंगारावर हक्क वेचक महिलांचा राहतो.

माझ्या मते सारी मेख या भंगारात आहे. टनावर पैसे मिळणाऱ्या ठेकेदाराला कचरा जितका जड तितका फायदा; उलट पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या निवडून वेगळ्या काढण्यातच या महिलेची कमाई असल्यामुळे तेवढा माल कचरा डेपोपर्यंत जातच नाही, आणि त्याच्या वाहतुकीचा खर्च महापालिकेला करावा लागत नाही.

कामातल्या अडचणीची जाण असलेल्यांना उपायही साधा सुचतो. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असे आवाहन 'स्वच्छ'ने घरोघरी केले. ठिपका दिसला की पुडी उघडून पाहावी लागत नाही. (खर्च म्हणाल तर एका स्केचपेनाचा.)

मात्र भंगाराचा भाव पडला की झळ थेट याच महिलांना बसते, आणि महापालिकेशी झालेल्या कराराची मुदत संपल्यावर तात्पुरत्या मुदतवाढीवर काम रेटण्याची वेळही त्यांच्यावर आली आहे. तेव्हा आपल्या नगरपरिषदेकडे कराराचा मसुदा मागा आणि त्यात तीन गोष्टी शोधा : भंगार कोणाच्या मालकीचे, एखाद्या घराने शुल्क बुडवले तर भरपाई कोण करणार, आणि कचरा निवडायला पत्र्याची का होईना, शेड कुठे मिळणार. पहिल्याच मुद्द्यावर मसुदा गप्प असेल, तर हरकत लेखी नोंदवा आणि तिची पोच घ्या.