उन्हाळ्यात पहाटे पक्षी बघायला सांगलीत कुठे जावं? दुर्बीण नसेल तर चालेल का?

हरिपूरला जा. कृष्णा-वारणेचा संगम आहे, भोवती मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची रानं आहेत. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेपाचला पोचायलाच हवं. आठनंतर ऊन चढलं की बहुतेक पक्षी झाडीत गप्प बसतात.

‘उन्हाळ्यात काय दिसतंय, थंडीत या’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. धोबी पक्षी, बदकं असे पाहुणे परत गेलेले असतात, एवढंच. इथल्या कितीतरी पक्ष्यांची वीण याच दिवसांत असते. थंडीभर मुका असलेला दयाळ पहाटे तारेवर बसून गातो, तांबटाची टुक-टुक चालू असते आणि मेअखेर पावशा ‘पेरते व्हा’ सुरू करतो.

आणि वीण असते म्हणूनच तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ऊस तुटून गेलेल्या एका रानात मला टिटवीची अंडी दिसली. दिसली म्हणजे, पाय पडता पडता राहिला. चार अंडी, टोकं आत करून, उघड्या मातीत. मातकट रंगावर काळे डाग, ढेकळांत अगदी मिसळून गेलेली. वर पाचटाचं एक पान आडवं पडलं होतं, त्याची पट्टीएवढी सावली. मी रोज लांब बांधावरून बघायचे. ऊन वाढलं की टिटवी नदीवर जायची, पोटाची पिसं भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. अंडी गार राहावीत म्हणून. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं.

मी हे एकाला सांगितलं. त्यानं पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांना सांगितलं. पुढच्या रविवारी नऊ वाजता अकरा जण कॅमेरे घेऊन हजर. फ्रेममध्ये येतं म्हणून पाचटाचं ते पान एकानं उचलून बाजूला टाकलं. पाऊण तास सगळे तिथेच. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती आणि अंडी उन्हात उघडी. मी बोलले, तर ते ज्येष्ठ म्हणाले, ‘‘अहो, टिटवीच आहे. शंभर आहेत इथं. परत घालेल अंडी.’’

अठ्ठावीस-तीस दिवसांत पिल्लं निघायला हवीत. टिटवी छत्तीस दिवस बसली, मग उठून गेली.

तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, आज देते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हे ‘शिकार’ या व्याख्येतच येतं. पक्षी साधा की दुर्मीळ, हा प्रश्नच नाही. आणि शंभर आहेत म्हणून त्या चारांचं काय झालं, याचा जाब संपत नाही.

म्हणून एकटे जा, फार तर दोघं. घरटं दिसलं तर उलट्या पावली मागं फिरा, जागा कुणालाही सांगू नका. मी एकाला सांगितलं होतं, ती चूक माझीच. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत त्याला तो हद्दीत शिरलेला दुसरा नर वाटतो, आणि तो घरटं सोडून भांडायला येतो.

सगळे ग्रुप तसे नसतात, हेही सांगायला हवं. त्या दिवशी कॉलेजमधला एक मुलगा ते पान परत ठेवायला पुढं झाला होता. त्याला दटावून मागं घेतलं.

दुर्बीण पहिलं वर्षभर नसली तरी अडत नाही, आधी आवाज ओळखायला शिका. घ्यायचीच झाली तर ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली.

आणि हो, कृष्णेत मगरी आहेत. खंड्या बघायच्या नादात पाण्याच्या कडेला उतरू नका, वरच्या घाटावरूनही तो चांगला दिसतो.