कादंबरी वाचून माणूस खरंच बदलतो का?

तुम्ही विचारलंय, कथा-कादंबऱ्यांनी माणसाचे विचार खरंच बदलतात, की वाचन म्हणजे नुसता वेळ घालवणं. मी बेळगावचा, शहापूरचा. माझे बदलले, आणि कुठल्या पुस्तकाने तेही सांगता येतं.

१ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तो दिवस आम्ही काळा दिन म्हणून पाळतो. लहानपणी दंडाला काळी फीत बांधून वडिलांबरोबर फेरीला जायचो. कन्नड म्हणजे माझ्या लेखी कचेरीतला न कळणारा अर्ज आणि बसवरची पाटी. त्या भाषेतही घरं असतात, त्यांत कुणी मनातल्या मनात कुढत असतं, हे कधी डोक्यातच आलं नाही.

कॉलेजात असताना वाचनालयातून कन्नड कादंबरीकार भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ आणली. मराठी अनुवाद उमा कुलकर्णींचा. त्या मूळच्या बेळगावच्याच, म्हणूनही हात गेला असेल. नंजनगूडच्या श्रोत्रींची विधवा सून कात्यायनी शिकायला बाहेर पडते, पुन्हा लग्न करते. मुलगा मात्र सासऱ्यांकडेच राहतो. मी पहिल्यापासून तिच्या बाजूने. पण श्रोत्री दुष्ट नाहीत, तिथेच मी अडकलो. वादात समोरचा चुकीचा ठरला की सुटल्यासारखं वाटतं. इथे तशी सुटका नव्हती.

आणि मग स्वयंपाकघरात भाकरी थापणारी माझी आत्या दिसली. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. माझा जन्म झाल्यापासून ती घरात होती, आणि मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं. म्हणाली, “मास्तरीण व्हायचं होतं गा मला. खरं तेव्हा कोण विचारलं?”

सीमाप्रश्नावरचं माझं मत बदललं नाही. फेरीला आजही जातो. पण ‘हे कानडी लोक असलेच’ असं कुणी म्हटलं की मला मान डोलवता येत नाही.

पुस्तक आत्यालाही वाचायला दिलं. मुदत संपली तरी ती सोडेना. दंड मी भरला. तिला कात्यायनी पटली नाही. “पोराला सोडून जायचं नव्हतं,” म्हणाली. त्यावरून आम्ही दोघं बरेच दिवस भांडलो. त्याआधी आत्याशी कुणी वाद घातलेला मला आठवत नाही.