घरी पिस्तुलाची काडतुसं रीलोड करताना प्रायमर कोणता घ्यायचा: स्मॉल, लार्ज की मॅग्नम?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: टेक्सासमध्ये राहता, एक ९ एमएम आणि एक .४५ एसीपी पिस्तूल आहे, रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) वेचलेल्या केस, म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, घरी साठल्यात आणि त्या पुन्हा भरायच्या, म्हणजे रीलोड करायच्या आहेत. दुकानात प्रायमरचे, म्हणजे ठोका बसताच पेटून केसमधली पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांचे, स्मॉल पिस्टल, लार्ज पिस्टल, मॅग्नम, रायफल असे चार तऱ्हांचे डबे दिसले. शिवाय .४५ च्या काही केसमध्ये लार्ज प्रायमर शिरतच नाही, हे कोडं वेगळंच.

त्या कोड्यातच सगळं उत्तर आहे. प्रायमरचा आकार पिस्तुलावरून ठरत नाही आणि काडतुसाच्या नावावरूनही दरवेळी ठरत नाही. हातातल्या केसच्या बुडाला जो खळगा आहे, म्हणजे प्रायमर पॉकेट, त्याच्यावरून तो ठरतो. त्या आकारात साधा घ्यायचा की मॅग्नम, हे रीलोडिंग मॅन्युअलमधल्या रेसिपीवर (कोणत्या गोळीला कोणती पावडर किती, या तक्त्यावर) अवलंबून.

तुमच्याकडे पिस्तुलं आहेत म्हणजे पुढची बाब तुम्ही तपासलेली असणार, पण हे उत्तर इतर मराठी मंडळीही वाचतील म्हणून लिहितो. अमेरिकेच्या संघीय कायद्यातल्या ‘ॲम्युनिशन’च्या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर सुटी केस, प्रायमर, बुलेट आणि पावडरही येतात. एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला यातलं काहीही बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, तेवढेच. त्यामुळे ‘बंदूक नाही, नुसते प्रायमर तर आहेत’ हा बचाव चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. स्वतःच्या वापरापुरतं रीलोडिंग करायला संघीय परवाना लागत नाही, पण मित्राला डबाभर काडतुसं विकायची म्हटली की टाइप ०६ (काडतुसं बनवण्याच्या) परवान्याचा विषय सुरू होतो. भारतात चित्र उलटं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतुसं बनवायलाच परवाना हवा आणि काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच धरले जातात. हे वाचून पुण्यात किंवा पणजीत कुणी प्रेस (काडतुसं भरायचं दांड्याचं यंत्र) मांडून बसू नये. सुट्टीला भारतात निघताना बॅगेचा कप्पा न् कप्पा रिकामा करून बघा, खास करून रेंजवर जाताना वापरता ती बॅग असेल तर. प्रायमर विमानात ना केबिनमध्ये चालतात, ना चेक-इनमध्ये.

आता मापं. स्मॉल प्रायमरचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे साधारण ४.४५ मिलिमीटर. लार्जचा ०.२१० इंच, साधारण ५.३३ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनीही फरक कळतो. ९ एमएम, .३८० एसीपी, .३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम, .४० एस ॲण्ड डब्ल्यू ही सगळी स्मॉल पिस्टलवाली. .४४ स्पेशल, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट आणि १० एमएम ऑटो ही परंपरेने लार्जवाली. तुमचं ९ एमएम इथेच मिटलं: स्मॉल पिस्टल.

.४५ एसीपी मात्र दोन्हीकडे आहे. मूळ आणि अजूनही जास्त दिसणारी केस लार्ज प्रायमरची. पण शिसं नसलेल्या प्रायमरची काडतुसं आली तशा स्मॉल पॉकेटच्या .४५ केस बाजारात आल्या, आणि पुढे काही कंपन्यांनी साध्या काडतुसातही त्याच वापरायला सुरुवात केली. फेडरल, ब्लेझर, स्पीअर या नावांच्या केसमध्ये स्मॉल पॉकेट हमखास सापडतं. गंमत म्हणजे एकाच नावाच्या हेडस्टॅम्पवर (बुडावरच्या शिक्क्यावर) दोन्ही आकार मिळतात, म्हणून शिक्का वाचून वर्गवारी करू नका. बूड बघूनच करा.

सोपी रीत अशी. .४५ च्या केस पन्नास-पन्नासच्या लोडिंग ब्लॉकमध्ये (केस उभ्या ठेवायच्या खाचांच्या फळीत) तोंड खाली, बूड वर अशा लावा आणि दिव्याखाली तिरप्या नजरेने ओळीने बघत जा. वापरलेला प्रायमर अजून आतच असतो, त्यामुळे स्मॉलवाली केस लगेच वेगळी दिसते: मधली टिकली बारीक आणि तिच्याभोवती पितळेचा पट्टा रुंद. हे काम डीकॅपिंगच्या, म्हणजे जुना प्रायमर काढण्याच्या, आधी करायचं. प्रेसवर केस चढवल्यावर ‘हाताला कळेलच’ या भरवशावर राहू नका. सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणाऱ्या) प्रेसवर किंवा हाताच्या प्रायमिंग टूलवर कळतंही, पण प्रोग्रेसिव्ह प्रेसवर एकाच दांड्याच्या फेऱ्यात चार कामं चालू असतात. तिथे स्मॉल पॉकेटवर लार्ज प्रायमर दाबला गेला की तो चेपतो, आणि जोर लावला तर फुटूही शकतो. खाली नळीत उभी असलेली प्रायमरची रांग त्याच्या जवळच असते. दांडा अडला की थांबायचं, केस काढून बघायची. डोळ्यांवर सेफ्टी ग्लास नसेल तर प्रायमरला हातच लावायचा नाही.

वेगळ्या काढलेल्या स्मॉल पॉकेटच्या .४५ केस फेकायची गरज नाही. शे-दोनशे जमल्या की त्यांची स्वतंत्र बॅच करा. ९ एमएमसाठी आणलेलाच स्मॉल पिस्टल प्रायमर त्यांना चालतो. फक्त लार्ज प्रायमरवर बसवलेला पावडरचा आकडा तसाच उचलू नका. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुन्हा वर या आणि डब्यावर ठळक लिहून ठेवा. आणखी एक: प्रेसवर प्रायमर बदलताना प्रायमिंग पंचही बदलावा लागतो. बारीक पंचाने लार्ज प्रायमर बसवला तर त्याच्या मध्यभागी खड्डा पडतो.

पिस्टल आणि रायफल प्रायमरची अदलाबदल हा या विषयातला खरा घोळ आहे. व्यास सारखाच असल्यामुळे ‘बसतोय की’ असं वाटतं. स्मॉल रायफल आणि स्मॉल पिस्टल यांची उंचीही सारखीच, पण रायफलच्या प्रायमरची वाटी (बाहेरचं धातूचं कवच) सहसा जाड आणि कडक असते, कारण तिला जास्त दाब सोसायचा असतो. पिस्तुलाचा स्प्रिंग हलका केलेला असेल तर फायरिंग पिन तिच्यावर नुसता ठसा उमटवते आणि गोळी सुटत नाही. शिवाय रेसिपी वेगळ्या प्रायमरची असल्यामुळे दाबाचा हिशेबही बदलतो. उलट केलं, म्हणजे रायफलच्या काडतुसात पिस्टल प्रायमर घातला, तर पातळ वाटीला भोक पडून गरम वायू मागे येऊ शकतो. लार्जमध्ये तर उंचीच वेगळी. लार्ज रायफल प्रायमर लार्ज पिस्टलपेक्षा सुमारे ०.००८ इंच उंच असतो, म्हणून पिस्तुलाच्या केसमध्ये तो बुडाच्या वर डोकावतो. हे काडतूस चेंबरमध्ये ढकलायचंच नाही.

याला अपवाद आहेत. .४५४ कासुल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस असूनही त्याला स्मॉल रायफल प्रायमर लागतो. .५०० एस ॲण्ड डब्ल्यूच्या सुरुवातीच्या केस लार्ज पिस्टलच्या होत्या, नंतरच्या लार्ज रायफलच्या. नंतरच्यांवर ओळखीसाठी ‘आर’ अक्षर असतं. तुम्हाला याची आज गरज नाही, पण रेंजवर वेचलेल्या ढिगात काय येईल सांगता येत नाही.

मॅग्नमबद्दल थोडक्यात. मॅग्नम प्रायमरचा आकार साध्यासारखाच असतो, ज्वाळा जास्त गरम किंवा जास्त वेळ टिकणारी. पेटायला जड अशा संथ पावडरींसाठी तो आहे; .३५७ आणि .४४ मॅग्नममध्ये एच११० किंवा डब्ल्यू२९६ ही ठळक उदाहरणं. ९ एमएम आणि .४५ मध्ये वापरतात त्या जलद पावडरींना तो लागत नाही. टंचाईच्या दिवसांत हाताला फक्त मॅग्नम लागला तर चालवणारे खूप आहेत, पण मग पावडर सुरुवातीच्या आकड्यावर आणून वर चढायचं. डब्यांवरचे क्रमांक पाठ असलेले बरे: सीसीआय ५०० म्हणजे स्मॉल पिस्टल, ५५० स्मॉल पिस्टल मॅग्नम, ३०० लार्ज पिस्टल, ३५० लार्ज पिस्टल मॅग्नम. फेडरलचे १०० आणि १५० हे अनुक्रमे स्मॉल आणि लार्ज पिस्टल, तर २०५ हा स्मॉल रायफल. विंचेस्टरचा लार्ज पिस्टल प्रायमर साध्या आणि मॅग्नम अशा दोन्ही लोडसाठी म्हणून विकतात. फेडरलची वाटी मऊ असते असा सगळ्यांचा अनुभव, म्हणून हलक्या ट्रिगरच्या रिव्हॉल्व्हरने स्पर्धा खेळणारे तोच मागतात. तुमची पिस्तुलं फॅक्टरीतून आली तशीच असतील तर जो ब्रँड नियमित मिळतो तो घ्या आणि तोच धरून ठेवा.

योग्य आकार घेऊनही प्रायमर बसत नसेल तर बहुधा केस लष्करी आहे. ९ एमएमच्या बुडावर वर्तुळात क्रॉस असा नाटोचा शिक्का दिसला की प्रायमरभोवती दाबून बसवलेली कडा, म्हणजे क्रिम्प, असणार असं समजा. ती स्वेजरने दाबून किंवा रीमरने हलकेच खरवडून काढावी लागते. रीमर फार फिरवला की पॉकेट सैल होतं आणि ती केस बाद. डीकॅपिंगच्या वेळी पिन मध्येच अडून वाकली तर केसच्या आत बॅटरीचा प्रकाश टाकून बघा. मध्यभागी एक भोक असेल तर बॉक्सर पद्धत, बाजूला दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. बर्डन केस घरच्या रीलोडिंगला उपयोगाची नाही. (बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, अमेरिकेने मात्र इंग्रजाची पद्धत उचलली.)

बसवताना प्रायमर बुडाच्या पातळीच्या ०.००३ ते ०.००५ इंच खाली जायला हवा. प्रायमरच्या आत ॲन्व्हिल नावाचा छोटा पायांचा तुकडा असतो. त्याचे पाय पॉकेटच्या तळाला टेकले तरच फायरिंग पिनचा ठोका मसाल्यापर्यंत पोहोचतो. वर राहिलेल्या प्रायमरला पहिला ठोका नुसता खाली ढकलतो. म्हणून ‘पहिल्यांदा सुटली नाही, दुसऱ्यांदा सुटली’ अशी तक्रार असेल तर प्रायमरच्या कंपनीला दोष देण्याआधी बसवणं तपासा. उंच प्रायमर रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर अडवतो, आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये स्लाइड पूर्ण बंद व्हायच्या आत स्फोट होण्याचा धोकाही असतो. प्रत्येक केसच्या बुडावरून बोटाचं टोक फिरवा. टिकली किंचित खोल लागली पाहिजे. मोजपट्टीपेक्षा हा बोटाचा अंदाज लवकर साधतो. पिस्तुलाच्या केसमध्ये पॉकेट दरवेळी घासून साफ करण्याचा खटाटोप माझ्या मते अनावश्यक आहे, काजळीचा जाड थर दिसला तरच करा.

खरेदी आणि साठवण. शंभराचे ट्रे आणि असे दहा ट्रे म्हणजे हजाराचं खोकं, अशी विक्री असते. ऑनलाइन मागवलं तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं, त्यामुळे एखाद-दुसऱ्या ट्रेसाठी स्थानिक दुकानच परवडतं. सुरुवातीला हजार स्मॉल पिस्टल आणि हजार लार्ज पिस्टल पुरे. घरात दहा हजारांच्या वर ठेवू नयेत अशी अमेरिकन अग्निसुरक्षा संहितेची मर्यादा आहे. मूळ ट्रेमधून काढून बरणीत किंवा डब्यात ओतून कधीही ठेवू नका. ट्रेमध्ये ते एकमेकांपासून दूर असतात. बरणीत एक उडाला की सगळे एकदम उडतात आणि काचेचे तुकडे वेगळेच. काम थांबवताना नळीत उरलेले प्रायमर त्यांच्या स्वतःच्या ट्रेमध्ये परत घाला, टेबलावर एका वेळी एकाच प्रकारचा डबा उघडा ठेवा. बहुतेक प्रायमरच्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं, तेव्हा वापरलेले प्रायमर काढल्यावरही हात साबणाने धुवायचे, आणि त्या टेबलावर चहाचा कप आणायचा नाही.