घाटात दचकणारी गाडी

प्रश्न : आमच्या एसयूव्हीला ड्युअल क्लच (दोन क्लच असलेला) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. खंबाटकी घाटात रांगेतून सरकताना ती दचके देते, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही क्षणभर वेग घेत नाही. गिअरबॉक्स बिघडला असेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : लगेच तसे समजू नका. हा गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा असल्यास क्लचच्या चकत्यांना (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या तबकड्यांना) तेलाचा थंडावा मिळत नाही. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरली की त्या अर्धवट घासत राहून तापतात, आणि त्यांना जपण्यासाठी गाडीचा संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. म्हणून थांबताना ब्रेकच दाबावा आणि पुढे गाडीभर जागा झाल्यावरच निघावे. सपाट रस्त्यावर, गाडी थंड असतानाही दचके बसत असतील, तर मात्र सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरने गाडीत दाखवलेल्या दोषांची छापील नोंद आग्रहाने मागून घ्या. वॉरंटीत तीच कामाला येते.