चाचण्या नॉर्मल, तरी रोजची कामं बिघडतात: व्हीआर चाचणी करावी का?

तुम्ही लिहिलंय की डोक्याला मार लागल्यापासून भावाचं एकही काम धड तडीस जात नाही, कागद-पेन्सिलच्या चाचण्या मात्र नॉर्मल आल्या, आणि आता व्हीआर चाचणी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जागेत कामं करायची चाचणी, सुचवली आहे. माझं मत विचाराल तर जरूर करून घ्या. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारी, आहे आणि असे पेशंट नेहमी बघते.

हा विरोधाभास नवा नाही. शॅलिस आणि बर्जेस या मेंदू-मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्येच अशा 3 रुग्णांबद्दल लिहिलं होतं. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा, बुद्ध्यांक उत्तम, पण बाजारात काही कामं नियम पाळून करायला सांगितली की गोंधळ. चाचणीच्या खोलीत कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, हे समोरचा सांगतो. घरी ते स्वतःचं स्वतः ठरवावं लागतं, आणि नेमकं तिथेच अडतं.

व्हीआरमधल्या सुपरमार्केटात हे अडणं डोळ्यांना दिसतं. हातात यादी असते, मांडण्यांच्या एका रांगेत दोनदा जायचं नाही असा नियम असतो, ठरल्या वेळी एक निरोप द्यायचा असतो. पेशंट पहिली वस्तू घेतो, वाटेत भलतंच काही दिसलं की तिकडे वळतो, निरोपाची वेळ टळते. नंतर विचारलं तर सगळे नियम तोंडपाठ सांगतो! म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे. लक्षात असलेलं वेळेवर अंमलात येत नाही. उपचाराची दिशाच यावरून बदलते. म्हणून रिपोर्टमध्ये नुसता स्कोअर घेऊ नका, कुठल्या चुका कशा झाल्या ते लिहून मागा.

आता काळजीचं. हेडसेटने मळमळ, चक्कर येऊ शकते. भावाला आधीच चक्कर येत असेल किंवा फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू देऊ नका. चाचणीआधी कंट्रोलर हाताळायचा वेगळा सराव हवाच, नाहीतर बटणं शोधण्यात गेलेला वेळ नियोजनातला मंदपणा म्हणून नोंदला जातो. त्याच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या निरोगी माणसांचे आकडे तुलनेला आहेत का, हेही विचारा. नसतील तर निष्कर्ष जपून घ्यावा लागेल. आणि आधीच्या चाचण्यांचे कागद सोबत न्या, दोन्ही एकत्र वाचले तरच अर्थ लागतो.

जाण्याआधी आठवडाभर घरी काय काय अर्धवट राहिलं, कुठे आठवण करून द्यावी लागली, ते तारखेनिशी लिहून ठेवा आणि चाचणी सुरू व्हायच्या आधीच तपासणाऱ्यांच्या हातात द्या.