जॉन क्रीझी यांनी खरोखरच सहाशे कादंबऱ्या लिहिल्या का, आणि त्यांतल्या वाचण्याजोग्या कोणत्या?

हा आकडा अतिशयोक्त वाटला, तरी खरा आहे. १९०८ साली जन्मलेल्या क्रीझी या ब्रिटिश लेखकाची पहिली गुन्हेगारी कादंबरी १९३२ साली आली आणि १९७३ साली निधन होईपर्यंत त्यांनी सहाशेच्या आसपास पुस्तके लिहिली. पहिले लेखन स्वीकारले जाण्याआधी त्यांच्याकडे प्रकाशकांची ७४३ नकारपत्रे जमली होती असे सांगितले जाते. एकाच लेखकाची वर्षाला इतकी पुस्तके काढायला कोणताही प्रकाशक धजावत नसे, म्हणून त्यांनी अठ्ठावीस टोपणनावे घेतली. त्यांतले मार्गारेट कुक हे नाव प्रेमकथांसाठी होते, तर टेक्स रायली हे अमेरिकी गुराख्यांच्या कथांसाठी. अशाच एका कथेत त्यांनी कोयोटी, म्हणजे तिकडचे रानकुत्रे, आकाशात उडवले होते, असा किस्सा प्रसिद्ध आहे. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांना या झपाट्याचे नवल वाटू नये.

मात्र केवळ झपाट्यासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. ‘टॉफ’ किंवा ‘बॅरन’ या मालिकांतले रुबाबदार नायक करमणूक करतात, पण चार पुस्तकांनंतर पुढचे पान आधीच कळू लागते. खरी कमाई आहे ती जे. जे. मॅरिक या नावाने लिहिलेल्या गिडियन मालिकेची. १९५५ सालच्या ‘गिडियन्स डे’मध्ये स्कॉटलंड यार्ड, म्हणजे लंडन पोलिसांच्या मुख्यालयातील गिडियन या अधिकाऱ्याचा एकच दिवस आहे. सकाळी हाताखालचा एक सार्जंट लाच खातो हे कळल्याने संतापलेला गिडियन त्याला निलंबित करतो, आणि तेवढ्यात शहराच्या निरनिराळ्या भागांतून नवनवी प्रकरणे त्याच्या टेबलावर येऊ लागतात. एक खून, एक चतुर गुप्तहेर आणि शेवटच्या प्रकरणातला उलगडा, ही ठरलेली चौकट इथे नाही. काही धागे सुटतात, काही केवळ योगायोगाने हाती लागतात, आणि अधिकारी थकून घरी जातो. पोलिसी कामकाजावर बेतलेल्या ब्रिटिश कादंबरीचा पाया घालणाऱ्यांत क्रीझींची गणना होते, ती याच पुस्तकांमुळे.

१९५३ साली ब्रिटनमधील गुन्हेकथालेखकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. राजकारणातही ते उतरले, पण निवडणुकीत यश आले नाही.

आपण ‘गिडियन्स डे’पासून सुरुवात करावी आणि आवडल्यास ‘गिडियन्स फायर’ घ्यावे. या दुसऱ्या पुस्तकाला १९६२ साली अमेरिकेतील रहस्यलेखकांच्या संघटनेचा एडगर पुरस्कार मिळाला होता.